दरडीतली अकरा दारं

अक्का, थोरलीला मुंगसानं नेलं नव्हतं. तिला मी काढलं.

एवढं एक वाक्य चार वर्षं तोंडाशी येऊन परत गेलं. तुमच्या शेजारी बसून, तुमच्या डब्यातली भाकरी मोडताना, मी ते गिळत राहिले. तुम्हाला जाऊन आज दहा दिवस झाले. आता लिहायला हात धजावलाय, कारण आता तुम्ही माझ्याकडं बघणार नाही.

पहिल्यापासून सांगते. मधूनच सांगायला गेले की मी स्वतःच्या सोयीचं तेवढं सांगते, हे माझ्या ध्यानात आलंय.

मी कॉलेजात नवीन लागले तेव्हा प्राणिशास्त्राची लॅब तुमच्या ताब्यात होती. पगारपत्रकावर तुम्ही परिचर, पण कुठल्या बरणीतलं स्पिरिट कमी झालंय हे आमच्या विभागप्रमुखांनाही तुम्हालाच विचारावं लागायचं. एका दुपारी मी फळ्यावर कोळ्याचं जाळं काढून शिकवलं. मुलं गेल्यावर फळा पुसता पुसता तुम्ही थांबलात.

"मॅडम, समदं कोळी जाळं करत न्हाईत. आमच्या माहेरला दार करणारं हायत."

"दार?"

"व्हय की. घराचं दार. उघडतंय, मिटतंय. मी ल्हान असल्यापास्नं बघतोय."

मी हसले. पुस्तकात अशा कोळ्यांबद्दल मी वाचलं होतं, पण ते माझ्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत असतील आणि ते मला तुम्ही सांगाल, असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही डस्टर खाली ठेवलंत आणि म्हणालात, "हसतासा काय? रविवारी या. न्हाई दिसलं तर बोला."

रविवारी मंगळवार पेठेतून गाडी काढली. तुम्ही कागलच्या स्टँडवर उभ्या होता. तुम्हाला मागं बसवून हायवे सोडला, तुमच्या माहेराकडच्या रस्त्याला लागलो आणि ओढ्याजवळ थांबलो. ओढ्याच्या कडेला पुरुषभर उंचीची मातीची दरड. तिच्यावर हिरवट शेवाळ, मध्ये मध्ये मुळ्या. मी अर्धा तास त्या दरडीकडं बघत होते. मला दरड सोडून काही दिसलं नाही.

"तुमच्या नाकाफुडं हाय," तुम्ही म्हणालात. मग पदराची पिन काढून शेवाळाच्या एका गोल तुकड्याखाली सरकवलीत. तुकडा उचलला गेला. खाली पांढऱ्या रेशमाचं अस्तर लावलेलं गुळगुळीत बीळ. आणि तेवढ्यात पिनेला हिसका बसला. तुम्ही पिन माझ्या हातात दिलीत. आतून कुणीतरी दार ओढून धरत होतं. इतक्या छोट्या जीवाची ती ओढ माझ्या दोन बोटांना कळली.

"सोडा आता," तुम्ही म्हणालात. "तिला तरास हुतोय."

त्या दिवसापासून एकोणीस वर्षं. दरडीवर अकरा दारं होती. मी त्यांना आकडे दिले, तुम्हाला ते पटलं नाही. "आकडं काय, कैदी हायत व्हय?" तुम्ही नावं ठेवलीत. लंगडी, कोपऱ्यातली, मुळीखालची, आळशी. आणि सगळ्यांत मोठ्या दाराची ती थोरली. मी कॉलेजचं मोजमापाचं यंत्र लावून दाराची रुंदी घ्यायचे, तुम्ही नाणं धरून सांगायचा. पहिल्या वर्षी थोरलीचं दार आठ आण्याएवढं होतं. पुढं ते रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्यावर गेलं. ती बीळ सोडून कधीच कुठं जात नाही, जन्मभर तेच एक घर रुंदावत राहते, हे मला पुस्तकानं सांगितलं आणि तुम्ही दाखवलंत.

दिवस कलायला लागला की दार केसभर वर व्हायचं. काठावर पुढचे दोन पाय दिसायचे. आपण दोघी श्वास धरून उकिडव्या बसायचो. एखादा भुंगेरा चालत यायचा, जवळ, आणखी जवळ, आणि खट्. दार मिटलेलं, भुंगेरा गायब. "घावला!" तुम्ही मांडीवर थाप मारायचा. दर वेळी तेवढ्याच जोरात.

माझी आई गेली त्या महिन्यात मी कुणाशी बोलत नव्हते. तुम्ही मला बळंच तिथं नेलंत. चार तास बसलो. तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत, समजावलं नाहीत. परत निघताना फक्त म्हणालात, "फुडल्या रविवारी बी येऊ." त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. तुम्ही हसला असता म्हणून.

भांडण एकच होतं, आणि ते मिटलं नाही. मी फोटो काढून दूरच्या एका तज्ज्ञांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं की ही जात आजवर कुणी नोंदवलेली नसावी, पण फोटोवर काही ठरत नाही. एक पूर्ण वाढलेली मादी स्पिरिटमध्ये घालून पाठवा. मला झोप लागली नाही. सोमवारी लॅबमध्ये तुम्हाला गाठलं.

"अक्का, एकच काढायची. थोरली. ती पूर्ण वाढलेली आहे."

"न्हाई."

"अहो, शास्त्रात नोंद होईल. आणि मी त्यांना सांगेन, जातीला तुमचं नाव द्या. कायमचं राहील."

तुम्ही बरण्या पुसत होता. पुसायच्या थांबला नाहीत. "माझं नाव लावाय तिला मारायची? नगं मला असलं नाव."

"ती आज ना उद्या मरणारच आहे."

"मग मरू दे की तिची ती. अकराच हायत मॅडम. आनी तुमी जो लेख लिवलासा, त्यात माझं नाव कुठं हुतं?"

कॉलेजच्या अंकात मी या कोळ्यांवर लिहिलं होतं. तुमचं नाव शेवटच्या ओळीत होतं, आभारात, 'आमच्या परिचर' म्हणून. वाचून तुम्ही तेव्हा "बरं हाय" म्हणाला होता. मला वाटलं, तुम्हाला ते बरंच वाटलं.

त्या सोमवारी तुम्ही माझ्याकडून शब्द घेतलात. "काढणार न्हाई म्हणा." मी म्हणाले, "नाही काढणार."

श्रावणातल्या एका गुरुवारी मी डोकं दुखतंय म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तुम्ही पर्समधून गोळी काढून दिलीत, वर पाण्याचा ग्लास दिलात. "गप पडा जावा घरला." मी ती गोळी घेतली आणि गाडी कागलकडं वळवली. डिकीत खुरपं होतं आणि स्पिरिटची बाटली.

अक्का, तिनं दार धरून ठेवलं होतं. मी पिन घातली नाही, शेजारून खुरपं घातलं, तरी दार आतून ओढलेलंच होतं. माती भिजलेली होती. वीतभर खोल गेल्यावर मला घाई झाली. वरून एक म्हातारे गृहस्थ म्हैस घेऊन चालले होते, ते म्हणाले, "काय पावणं, काय घावतंय?" मी "औषधी मुळी" म्हणाले आणि खुरपं जोरात ओढलं. ते तिच्या पोटातून गेलं.

आणि बिळात पिल्लं होती. मोहरीएवढी, पिवळसर, कितीतरी. माझ्या हातावर, खुरप्यावर, मातीत पळायला लागली. मी माती परत लोटली, ओंजळीनं. किती चिरडली कुणास ठाऊक. थोरलीला बाटलीत घातलं. ती बराच वेळ हलत होती.

तज्ज्ञांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पोट फाटल्यामुळं ओळख पटवायचा भागच शिल्लक नाही, कृपया दुसरी पाठवा. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. बाटली त्यांनी परत पाठवली, ती माझ्या कपाटात कपड्यांच्या मागं आहे. तिचं काय करायचं, ते मला आजही कळत नाही.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारी तुम्ही आधी थोरलीकडं गेलात, नेहमीसारख्या. खड्ड्यापाशी बसलात. मी मागं उभी होते, पाण्याची बाटली उघडत होते, बंद करत होते.

"हे काय झालंय?"

"मुंगसानं उकरलं असेल," मी म्हणाले.

"मुंगसानं?" तुम्ही खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलंत. खुरप्याचा काप सरळ असतो. तुम्ही लहानपण शेतात काढलेलं. तुम्ही ते बोट पदराला पुसलंत आणि म्हणालात, "आसंल." मग लंगडीकडं गेलात. त्या दिवशी तुम्ही डबा उघडला नाहीत, भूक नाही म्हणालात. मीही विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही मला हाताला धरून ओढत नेलंत. तोवर तुम्ही निवृत्त झाला होता, गुडघे दुखायचे, तरी रविवार चुकवायचा नाहीत. थोरलीच्या खड्ड्याच्या खाली शेवाळ पुन्हा धरलं होतं. तिथं मसुरीच्या डाळीएवढी दारं होती. तुम्ही एकेकावर बोट ठेवत मोजलीत. नऊ.

"थोरलीची पोरं," तुम्ही म्हणालात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई गेली तर गेली. बघा मॅडम, समदी जाग्यावर हायत. न्हाई हललीत."

मी म्हणाले, "हो, अक्का." तेव्हा सांगायला हवं होतं. त्याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नाही. पण तुम्ही इतक्या खुशीत होता की मी स्वतःला समजावलं, कशाला आता. ही दया नव्हती, अक्का. मला भीती वाटत होती.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायचं काम निघालं. मी परीक्षेच्या ड्यूटीवर होते, फोन कपाटात ठेवलेला. बाहेर आले तर तुमचे चौदा मिस्ड कॉल. फोन लावला तेव्हा मागं मशीनचा आवाज येत होता.

"मॅडम, पोकलेन आलंय. दरड पाडाय लागलंत. या लवकर. बिगीबिगी या."

मी पोहोचले तेव्हा ओढ्याकाठी दरड नव्हती. लाल मातीचा ढीग होता आणि तुम्ही त्याच्या पायथ्याशी बसून दोन्ही हातांनी माती चाळत होता. मशीन पुढं गेलं होतं. ड्रायव्हर मला म्हणाला, "मावशी दीड तास आडव्या उभ्या हुत्या बघा. कोळ्यासाठनं रस्ता थांबतोय व्हय कुठं? शेवटी आमच्या मुकादमानं हाताला धरून बाजूला केलं." तुमच्या मनगटावर वळ होते. पदरात तीन ढेकळं बांधलेली होती, बिळांसकट. दहा मोठ्या आणि नऊ पोरांतली तेवढी तीन तुमच्या हाताला लागली होती.

मी तुमच्या शेजारी बसायला हवं होतं. मी उभी राहिले. आणि मी जे बोलले ते माझ्या कानांत अजून आहे.

"तेव्हा एक काढू दिली असती तर आज कागदावर तरी राहिली असती. तुम्ही अडवलंत म्हणून ही जात नाव न लागता संपली."

मी बोलले. माझ्या कपाटात ती बाटली असताना मी हे तुम्हाला बोलले.

तुम्ही मान वर केलीत. चेहऱ्यावर माती होती. रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "मॅडम, थोरली तुमीच काढली न्हवं?"

"नाही, अक्का."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि परत माती चाळायला लागलात.

ती तीन ढेकळं तुम्ही घरामागं कुंड्यांत लावलीत. फोनवर सांगायचा. पहिली आठवड्यात गेली. दुसरी पावसाळ्यापर्यंत टिकली, मग दारावर बुरशी आली. तिसरीनं दार आतून लिंपून घेतलं, उन्हाळ्यात घेतात तसं. पावसाळा आला, गेला, दार उघडलं नाही. मी म्हणाले, उघडून बघा. तुम्ही म्हणालात, "नगं. आत आसंल तर तिला तरास, नसंल तर मला." मग रविवार बंद झाले. जायला जागाच राहिली नव्हती. मी तुम्हाला फोन करणं कमी केलं, तुम्ही मला करायच्या थांबलात. आपल्याकडं बोलायला ते कोळीच होते की काय, असं मला त्या दिवसांत वाटायचं. तसं नव्हतं, हे आता कळतंय.

तुम्हाला ॲडमिट केलंय हे मला कॉलेजात शिपायाकडून कळलं. वॉर्डाच्या बाहेर मी वीस मिनिटं उभी होते. वाक्य तयार होतं. आत आले तर तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तुम्ही मला बघितलंत, हात उचलून सुजाताला बाहेर जायला खुणावलंत. तुमची लेक निमूट बाहेर गेली. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मास्कमुळं तुम्हाला बोलता येत नव्हतं. बोलायचं मलाच होतं.

मी म्हणाले, "आता लवकर बऱ्या व्हा. कॉलेजात सगळे विचारत होते."

तुम्ही डोळे मिटलेत. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. शनिवारी तुम्ही गेलात.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी तुमच्या घरी आले. एकोणीस वर्षं मी तुम्हाला कागलच्या स्टँडवरून उचललं, स्टँडवर सोडलं. दर वेळी तुम्ही म्हणायचा, "चला की घरला, च्या पिऊन जावा." दर वेळी मला उशीर व्हायचा. तो उशीर कसला होता, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. तुमचं घर स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आहे, अक्का. पाचसुद्धा नाहीत.

वंदना झाली. भन्तेजी गेले. मांडवात जेवणं चालू होती. मी मागच्या दारानं बाहेर आले. भिंतीला लागून कुंड्या होत्या. तिसऱ्या कुंडीत कढीपत्त्याचं नवं रोप लावलेलं होतं.

सुजाता माझ्या मागं येऊन उभी राहिली. "आईची कुंडी हुती. रिकामीच हुती की, म्हणून लावलं."

"आत कोळी नव्हता?"

"वाळलेला निघाला. झाडून टाकला." माझा चेहरा बघून तिनं विचारलं, "ठिवाय पायजे हुता व्हय? मला नुसतं बघूनच अंगावर काटा येतोय. आईला काय गोडी हुती, देवाला ठावं."

तेव्हा मी बोलले. उभ्यानंच. कुणालातरी सांगायचं म्हणून तुमच्या लेकीला सांगितलं. खुरपं, पिल्लं, मुंगूस, ढिगाऱ्यापाशी तुम्ही विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. सगळं. आत पंगतीत कुणीतरी भाजी मागत होतं.

सुजातानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्ये आईला ठावं हुतं, मॅडम."

"काय ठाऊक होतं?"

"तुमी काढल्याचं. पयल्याच रविवारी घरला आली, ती रडत बसली. मी म्हणलं, जा, त्यास्नी इचार. तर म्हणाली, मी का इचारू? त्या शिकलेल्या हायत, त्या आपणहून सांगतील." सुजाता कढीपत्त्याच्या रोपाची पिवळी पडलेली पानं काढत होती. "दर रविवारी तुमच्यासंगं जायची. आली की मी इचारायचो, बोलल्या? म्हणायची, न्हाई आजून."

"आणि दवाखान्यात?"

"दवाखान्यात तुमी आलासा तवा मला बाहीर घालवलं. तुमी गेल्यावर मी आत आलो. इचारलं न्हाई काय. तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं मला."

मी काहीतरी म्हणाले असेन. माफी वगैरे. सुजाता म्हणाली, "मला सांगून काय उपेग?" रागानं नाही म्हणाली. खरंच विचारत होती. मग हात झटकून म्हणाली, "चला, जेवून घ्या. पंगत उठाय लागली."

मी जेवायला बसले. तुमच्या घरात, पहिल्यांदा. सुजातानं स्वतः वाढलं, दोनदा आग्रह केला. मी सगळं खाल्लं. हात धुतला. तुमच्या फोटोसमोर उभी राहिले तर फोटोतल्या तुम्ही तुमच्या नोकरीच्या ओळखपत्रावरच्या होता, सरळ समोर बघणाऱ्या, केस चापून बसवलेल्या. मी हात जोडले.

दारात चपला घालताना सवयीनं तोंडाशी 'येते' आलं. ते मी म्हणाले नाही.

"जाते," म्हणाले.

निरोप घेताना घरात कुणी असं म्हणालं की आपल्याकडं लगेच टोकतात. सुजातानं ऐकलं, आणि टोकलं नाही.